दोन बोटं कमी पडलेला टप

निवृत्त होऊन आठ महिने झाले, तेव्हा ताणबाईंच्या घरात उसवून पुन्हा शिवला नाही असा एकही पडदा उरला नव्हता. सोफ्याची कव्हरं झाली, उशांचे अभ्रे झाले, जुन्या पँटींच्या पिशव्या झाल्या. नवरा बसचा ड्रायव्हर, तोही निवृत्त. तो पेपर वाचत खुर्चीत बसलेला असायचा आणि बायको टेप घेऊन खोलीत शिरली की गुपचूप पाय वर घ्यायचा. न जाणो, आपलंही माप घ्यायची!

ताणबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकोणिसाव्या वर्षी त्या तंबूच्या कारखान्यात लागल्या आणि एकोणचाळीस वर्षं तिथेच राहिल्या. आधी मशीनवर, मग तपासणीवर. तंबू उभा केला की त्या कापडावर बोटांच्या पेरांनी टकटक करायच्या, कान जवळ न्यायच्या आणि सांगायच्या, "डावा कोपरा सैल आहे. उसवा." माप घेणारे मागून टेप लावायचे, तर निघायचंही तसंच. त्यावरून हे नाव पडलं. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, ही बाई स्वतः ताण घेत नाही, दुसऱ्याला देते. नाव कानावर आलं तेव्हा ताणबाई मनापासून हसल्या होत्या, आणि पुढे त्या स्वतःच फोनवर "ताणबाई बोलतेय" म्हणायला लागल्या.

तर एका मंगळवारी सकाळी त्यांचा धाकटा दीर दारात उभा राहिला. कोपऱ्यावर त्याचं गॅरेज. हातापायाला ऑइल, आणि चेहऱ्यावर असं काही, की जणू गॅरेजमध्ये हत्ती शिरलाय.

"वहिनी, शिवणाची कात्री घ्या आणि चला."

"कशाला?"

"आधी चला. डॉक्टरबाईंचा टप आलाय."

आता हा टप काय ते ताणबाईंना माहीत होतं, कारण गेली कित्येक वर्षं दिराच्या तोंडी तोच विषय असे. गल्लीपलीकडे दातांच्या एक डॉक्टर राहायच्या. वय बहात्तर, दवाखाना बंद केलेला. त्यांच्याकडे दोन माणसांची एक जुनी स्पोर्ट्स कार होती. बुटकी, लांब नाकाची, गडद हिरवी. तिला पत्र्याचं छत नव्हतं. बग्गीला असतो तसा कापडाचा टप, हवा तेव्हा उभा करायचा, नको तेव्हा सीटमागे घडी घालायचा. अकरा वर्षांपूर्वी गाडी मागे घेताना अर्धवट उघडलेला टप फाटकाच्या खांबाला अडकला, कापड फाटलं, सांगाडा वाकला. दिराने सांगाडा ठोकून सरळ करून दिला, पण कापड काही मिळेना. त्या मॉडेलचा टप शिवणारे उरलेच नव्हते. गाडी ताडपत्रीखाली गेली; दीर अधूनमधून इंजिन तेवढं चालू ठेवायचा. जुन्या गाड्यांची हौस असलेली मंडळी दरवर्षी एका रविवारी आपापल्या गाड्या घेऊन समुद्रापर्यंत जायची. डॉक्टरबाई अकरा वर्षं कुणाच्या तरी शेजारी बसून जात होत्या. आणि आता कुठल्याशा लांबच्या देशातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने जुन्या नमुन्यावरून हा टप शिवून पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती: माझे डोळे गेले, हा शेवटचा.

"आणि गाड्यांच्या सीटा शिवणारा तुमचा तो सीटवाला?" ताणबाईंनी चपला पायात सरकवत विचारलं.

"त्यानं खोक्यात डोकावून पाहिलं, खोकं बंद केलं आणि म्हणाला, एकच कापड, चुकलं तर दुसरं नाही, मला नको ही भानगड. वहिनी, येत्या रविवारी गाड्या निघायच्यात!"

ताणबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, भात कुकरला लावलाय. तीन शिट्ट्या."

आणि त्या गेल्यासुद्धा.

गॅरेजमध्ये खोकं उघडलं तेव्हा त्यांनी आधी हात पुसले, मग कापडाला लावले. कापड काळं, दुहेरी, मध्ये रबराचा थर. बाहेरून खरखरीत, आतून मऊ. मागे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, तिच्याभोवती दुहेरी टाका. ताणबाईंनी तो टाका अंगठ्याने चाचपत सबंध खिडकीला फेरी मारली. कुठे उडी नाही, कुठे गाठ नाही.

"डोळे गेले म्हणतो, आणि हात बघा याचा!" त्या पुटपुटल्या. "भाऊजी, हे मीच लावणार. दुसऱ्या कुणी हात लावला तर याद राखा."

डॉक्टरबाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. उंच, हाडकुळ्या, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांनी विचारलं, "तुम्ही आधी कधी लावलाय का टप?"

"नाही. पण चारशे माणसं मावतील असे तंबू उभे केलेत. वारा सुटला तरी जागचे हलले नाहीत."

"ही गाडी महामार्गावर शंभरने पळते."

"म्हणजे वारा शंभरचा," ताणबाई म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं आणि बाह्या वर केल्या. "मी काय करू ते सांगा."

पहिलं काम जुन्या टपाची लक्तरं काढायचं. सांगाड्याच्या पुढच्या बाजूला एक आडवा दांडा असतो, तो खटक्यांनी समोरच्या काचेच्या वर अडकतो. त्या दांड्याच्या आत लाकडाची पट्टी, आणि तिच्यावर जुनं कापड बारीक चुकांनी, म्हणजे टिचभर खिळ्यांनी, ठोकलेलं. चुका गंजून लाकडात रुतलेल्या. दिराने पक्कड लावली, तर पहिल्याच चुकेचं डोकं तुटलं.

"थांबा, थांबा!" डॉक्टरबाई ओरडल्या. "असं नाही काढत!" त्यांनी पर्समधून चामड्याची एक छोटी गुंडाळी काढली. आत चकचकीत चिमटे. दवाखाना बंद केला तरी हत्यारं घरात ठेवून झोप येत नव्हती म्हणे. "आधी थोडं हलवायचं. डावीकडे, उजवीकडे. मग वर. मुळासकट."

आणि खरंच, चूक टुपकन बाहेर आली. मग काय, बाईंना चेवच चढला. एकशे बारा चुका काढल्या त्यांनी; प्रत्येक चूक पत्र्याच्या डबीत टाकताना "पुढचा पेशंट!" म्हणायच्या. ताणबाई मागची टिचबटणं उघडत हसून हसून बेजार. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आज आम्ही एकशे बारा चुका काढल्या."

"एवढंच?" नवरा म्हणाला. "माझ्या तू एका जेवणात जास्त काढतेस."

बुधवार सांगाडा घासण्यात आणि रंगवण्यात गेला. गुरुवारी सकाळी नवा टप चढवायचा होता. ताणबाई बरोबर नऊला हजर. कापड त्यांनी तासभर उन्हात पसरून ठेवलं, कारण गार कापड हट्टी असतं आणि कोमट कापड ऐकतं. मग कापडाच्या पुढच्या आणि मागच्या काठावर बरोबर मध्यावर खडूची खूण केली, गाडीच्या अंगावरही तशीच. मध्याला मध्य जुळला. मागचा काठ धातूच्या पट्टीखाली बसवून आवळला. खिडकी सरळ. सगळं कसं मुकाट्याने होत होतं. दीर एका बाजूला, डॉक्टरबाई दुसऱ्या बाजूला. तिघांनी मिळून कापड सांगाड्याच्या तिन्ही कमानींवरून पुढे आणलं.

उजवीकडे ते दांड्यावरून छान खाली उतरलं. डावीकडे मात्र दांड्याच्या अलीकडेच थांबलं.

ताणबाईंनी बोटं लावून पाहिली. दोन बोटं कमी.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "डोळे गेले होते त्यांचे."

"ओढून बसेल," दीर म्हणाला आणि पक्कड घेऊन पुढे झाला. "कापडच आहे. जरा जोर लावला की..."

"भाऊजी, हात मागे!" ताणबाईंचा आवाज असा कडाडला की दिराच्या हातून पक्कड खाली पडली. "ओढाल तर खिडकीचा टाका जाईल. तो गेला की संपलं."

त्या वाकल्या. कापडाला पडलेली एक सुरकुती मागच्या डाव्या कोपऱ्यातून निघून तिरकी पुढे आली होती. चाळीस वर्षं त्या सुरकुत्याच वाचत आल्या होत्या. कापड कमी असतं तेव्हा सुरकुती काठाशी पडते. ही काठाशी नव्हती. ही कमानीपासून सुरू होत होती. त्यांनी कापडावर पेरांनी टकटक केलं. उजवीकडे ढप ढप. डावीकडे, मागच्या कमानीपाशी, टण.

"मला सुतळी द्या," त्या म्हणाल्या.

कापड अलगद मागे दुमडून त्यांनी सुतळी लावली. मागच्या पट्टीपासून, तिन्ही कमानींवरून, पुढच्या दांड्यापर्यंत. आधी उजवीकडून, आणि दांड्याच्या काठावर खुणेची गाठ मारली. मग तीच सुतळी डावीकडून. गाठ दांड्याच्या अलीकडे राहिली. बरोबर दोन बोटं.

"कापड कमी नाही," ताणबाई म्हणाल्या. "रस्ता लांब आहे! मागची कमान डावीकडे वर उचललेली आहे. कापड बरोबर आहे, सांगाडा वाकडा आहे!"

हे बोलून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की सांगाडा सरळ कुणी केला होता.

दिराचा चेहरा पडला. "वहिनी, मी स्वतः ठोकलाय तो. तीस वर्षं हेच काम करतोय."

"मी कुठे म्हटलं..."

"सुतळीनं गाड्या दुरुस्त होत नसतात," असं म्हणून तो तरातरा बाहेर पडला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर पाठ फिरवून बसला.

ताणबाई जागीच उभ्या. दिराला त्या तो शाळेत होता तेव्हापासून ओळखत होत्या. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं त्याच लावायच्या. चार लोकांत त्याचं काम चुकलं असं त्यांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं. त्यांना वाटलं, द्यावं सोडून. पण समोर ते कापड होतं. कुठल्या तरी म्हाताऱ्याने शेवटचं म्हणून शिवलेलं, एकही टाका न चुकलेलं, आणि त्याच्यावर खापर फुटणार होतं.

"जाऊ द्या हवं तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं थांबले, आणखी एक."

"काही जाऊ द्यायचं नाही," ताणबाई म्हणाल्या आणि चहाच्या टपरीकडे निघाल्या. दिराशेजारी बाकावर बसल्या. चहा मागवला. अर्धा कप पिऊन झाला.

"तेव्हा मापाला काहीच नव्हतं तुमच्याकडे," त्या शेवटी म्हणाल्या. "फाटकं कापड सांगाड्यावर. त्यावरून नुसत्या नजरेनं इतका सरळ केलात. कुणालाही जमलं नसतं."

दिराने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "गाठ नीट मारली होती का?"

"तुम्हीच मारून बघा."

तो उठला. गॅरेजमध्ये जाऊन त्याने आपल्या हाताने सुतळी लावली. एकदा. दोनदा. मग कमानी पेलणारा डाव्या बाजूचा लोखंडी हात खोलून काढला, उजवा काढला, आणि दोन्ही टेबलावर एकमेकांवर ठेवले. मधून उजेड दिसत होता. पेन्सिल जाईल एवढी फट, बरोबर वळणापाशी.

"आयला!" दीर म्हणाला. आणि मग तोच मोठ्याने हसला. "वहिनी, अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, सांगाडा एक नंबर आहे!"

शुक्रवारी त्याने तो लोखंडी हात तापवून, एक एक टोला मोजून मारत, उजव्याशी जुळवला. प्रत्येक चार टोल्यांनंतर हाक द्यायचा, "वहिनी, सुतळी!" दुपारी तीन वाजता डाव्या बाजूची गाठ दांड्याच्या काठावर येऊन टेकली. तिघांनी एवढा आरडाओरडा केला की शेजारचा पंक्चरवाला धावत आला. त्याला वाटलं कुणाच्या पायावर गाडी गेली.

शनिवारी चिकटवायचं. हे सगळ्यात अवघड, कारण सोल्यूशन एकदा धरलं की सोडत नाही. खटके लावून दांडा काचेवर बसवला, कापड पुढे आणलं. या वेळी दोन्ही बाजूंनी सारखं उतरलं. काठाला खडूने रेघ मारली. मग ताणबाईंनी खटके उघडले आणि रेघेपासून पाव बोट मागे कापडावर दुसरी रेघ मारली.

"हे का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पहिल्या रेघेवर चिकटवला तर आज छान दिसेल, महिन्यात सैल पडेल. दुसऱ्या रेघेवर चिकटवायचा, म्हणजे कापड तेवढं आखूड. खटका लावायला जोर लागेल, पण ताण राहील."

"आणि जास्त झाला तर?"

"तर खटका लागणारच नाही," ताणबाई म्हणाल्या, आणि दोन रेघांमधलं अंतर त्यांनी पुन्हा बोटाने मोजून पाहिलं.

दांड्याला सोल्यूशन, कापडाला सोल्यूशन. दहा मिनिटं वाळू दिलं. मग मध्यापासून सुरुवात. अंगठ्याने दाबत, एक वीत उजवीकडे, एक वीत डावीकडे, पुन्हा उजवीकडे. डॉक्टरबाई दिवा धरून उभ्या. कोपऱ्यांवर कापडाच्या बारीक चुण्या आत वळवल्या. वरून पट्टी, पट्टीवर रिवेट. दुपारपर्यंत कुणी जेवायचं नावही काढलं नाही. नवरा डबा घेऊन आला तो तसाच हातात डबा धरून बघत राहिला.

"आता?" दिराने विचारलं.

"आता लावा."

दिराने उजवा खटका ओढला. खट्! लागला. डावा ओढला. अडला. पुन्हा ओढला. ताणबाईंनी डोळे मिटले. नवऱ्याने डबा खाली ठेवला आणि तीस वर्षं बसचं स्टिअरिंग फिरवलेल्या हाताने दांडा वरून दाबला.

खट्!

ताणबाईंनी डोळे उघडले. टप उभा होता. काळाभोर, एकसारखा, एकही सुरकुती नाही. त्यांनी पुढे होऊन पेरांनी टकटक केलं. डावीकडे टण. उजवीकडे टण. मध्ये टण. त्यांना इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. त्यांनी डॉक्टरबाईंचे दोन्ही हात धरले आणि त्या दोघी, एक अठ्ठावन्न वर्षांची नि एक बहात्तरची, गॅरेजच्या मधोमध उड्या मारायला लागल्या. मग डॉक्टरबाई आत जाऊन बसल्या, दिराने नळी लावून वरून दहा मिनिटं पाणी सोडलं, आणि आतून घोषणा आली, "कोरडी! सगळीकडे कोरडी!"

रविवारी सकाळी ताणबाईंना डॉक्टरबाईंच्या शेजारी बसावं लागलं. "टप फडफडला तर मी गाडी चालवू की टप धरू?" हे कारण. नवरा आणि दीर मागून गॅरेजच्या गाडीत. ताणबाई आयुष्यात एवढ्या खाली कधी बसल्या नव्हत्या. ट्रकची चाकं कानाशी फिरताहेत असं वाटत होतं. महामार्ग लागला. साठ. ऐंशी. शंभर. ताणबाईंनी हात वर करून तळवा टपाला आतून टेकवला. कापड नुसतं हळू गुणगुणत होतं. फडफड नाही, धडधड नाही.

"हलत नाही!" त्या ओरडल्या.

"काय?"

"हलत नाही म्हटलं! जरासुद्धा!"

डॉक्टरबाईंनी मान मागे टाकून हसत गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पुढे वळणापलीकडे समुद्र दिसायला लागला होता. त्या हात चोळत म्हणाल्या, "चला. आता उघडायचा."

"काय उघडायचा?"

"टप!"

ताणबाई बघतच राहिल्या. "अहो, पाच दिवस जीव काढला आपण! कालच लागलाय!"

"लागलाय म्हणूनच उघडता येतो. नसता तर अशी उघडी गाडी घेऊन मी आलेच नसते."

ताणबाईंनी एकोणचाळीस वर्षं जे जे शिवलं ते सगळं बंद राहण्यासाठी होतं. वारा आत येऊ नये, पाणी आत येऊ नये. उघडता यावं म्हणून ताणलेलं कापड त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी डावा खटका स्वतः उघडला. जोर लागला. मग दोघींनी मिळून टप मागे नेला, खिडकीला चरा पडू नये म्हणून मध्ये ताणबाईंची ओढणी ठेवली, आणि वर बघतात तो नुसतं आभाळ.

पुढचे सहा किलोमीटर ताणबाई मान वर करून आभाळच बघत होत्या. केस सुटून तोंडावर येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्याने की कशाने ते त्यांनी नंतरही कुणाला सांगितलं नाही. मागच्या गाडीतून नवरा हात काढून सारखा काहीतरी ओरडत होता. वाळूपाशी पोचल्यावर कळलं, तो विचारत होता, डबा कुणाच्या गाडीत आहे.

तिथे तीसेक जुन्या गाड्या रांगेत लागल्या होत्या. हिरव्या गाडीभोवती गर्दी जमली. डॉक्टरबाईंनी टप तीनदा उभा केला, तीनदा मिटला. कुणी मागितलं नसतं तरी त्यांनी दाखवलाच असता. एक टकला गृहस्थ खिडकीचा टाका बघत म्हणाला, "हे लावलं कुणी?"

दीर छाती पुढे काढून म्हणाला, "आमच्या वहिनींनी. सांगाडा वाकडा होता, तो मीच वाकडा ठेवला होता, तोही यांनीच शोधला."

ताणबाईंनी चटकन त्याच्याकडे पाहिलं. तो खुशाल भेळ वाटावी तशी ही गोष्ट सगळ्यांना वाटत होता.

टकल्या गृहस्थाचीही गाडी होती, पिवळी, आणि तिच्या टपाला तीन ठिकाणी ठिगळं. तो अजिजीने म्हणाला, "बाई, उद्या सोमवारी येऊ का घेऊन?"

"मंगळवारी या," ताणबाई म्हणाल्या. "सोमवारी मी झोपणार आहे."